रविवारच्या बैठकीला येताना एवढं घेऊन या

नमस्कार मंडळी,
रविवारी संध्याकाळी ५ वाजता रामबागेत नेहमीच्या ठिकाणी शिक्षक आणि डॉक्टर सदस्यांची एकत्र बैठक आहे. मुलांच्या तब्येतीबद्दल शाळा आणि डॉक्टर यांनी एकमेकांना कसं कळवायचं, हा विषय आहे. फिजिओ, वाचा-उपचार आणि समुपदेशन करणाऱ्यांनीही जरूर यावं.

माझ्या वर्गातली एक मुलगी हाक मारली की गप्प बसायची. मी वहीत ‘लक्ष नसते’ असा शेरा मारला होता. पुढे कळलं, सर्दीनंतर तिच्या कानात पडद्यामागे पाणी साठलं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं, पण तिला पहिल्या बाकावर, फळ्याजवळ बसवायचं, हे शाळेपर्यंत पोचलंच नाही. त्या शेऱ्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी शाळांत आरोग्य पथकं येऊन मुलांना तपासतात. पण रोज पाच-सहा तास मूल दिसतं ते शिक्षकालाच.

म्हणून शिक्षकांनी मुलाचं नाव न घालता, निदान न लावता, फक्त जे दिसलं ते लिहून आणावं. डॉक्टरांनी वर्गात काय करायचं ते दोन ओळींत, साध्या मराठी-हिंदीत कसं कळवता येईल, ते सांगावं. पालकांच्या संमतीचा कागदही तिथेच ठरवू.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.