काठवट खाली काढा

पुणे, मार्गशीर्ष

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोन रोज होतोच, तरी मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर हा विषय काढला की बाबा "बघूया की" म्हणतात आणि आई, तू लगेच शेजारच्या म्हशीची बातमी सांगायला लागतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

दिवाळीत आले तेव्हा आजीचं नाव कोरलेला तो जवसाच्या चटणीचा डबा उघडला. आत क्रीमची बिस्किटं. खालच्या डब्यात टोस्ट, त्याच्या खाली खारी. आधी हसू आलं, मग ओशाळले, कारण त्यातले निम्मे पुडे मीच पुण्याहून आणलेले. लेकीनं आणलंय म्हणून तुम्ही कौतुकानं खात होता. सकाळच्या चहाला चार, अकराला दोन, चारच्या चहाला परत चार. रात्री "दोघांसाठी काय करायचं गं" म्हणून दूध-पाव, नाहीतर पाकिटातल्या शेवया.

हे "दोघांसाठी काय करायचं" डोक्यातून जाईना. घरात सहा माणसं होती तेव्हा तू न मोजता वीस-बावीस भाकऱ्या थापायचीस. आता चार थापायच्या तर पीठ मळायची लाकडी काठवट माळ्यावर.

इथं आल्यावर एका पुड्याची मागची बाजू वाचली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असते, सगळ्यांत जास्त जे असेल ते आधी. पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल. पुढचं वाचलंच नाही.

बाबा, तुमचा रिपोर्ट दादानं पाठवलाय. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.1. साडेसहापासून मधुमेह धरतात, म्हणजे तुम्ही काठावर आहात. डॉक्टर म्हणाले ते बरोबर, घाबरायचं कारण नाही, पण बांध अजून फुटलेला नाही तोवरच माती टाकायची, हे मी शेतकऱ्याला काय सांगणार? बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

तुम्हाला वाटेल आता ही भात बंद करायला सांगणार. नाही सांगत. बेळगावजवळ येळ्ळूरच्या शिवारात राहून, घरच्या बासमतीचा वास घरभर सुटलेला असताना, भात खाऊ नका म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. फक्त दोन गोष्टी ऐका. सुगीचं भात गिरणीला न्याल तेव्हा पॉलिश कमी करायला सांगा. तांदूळ पांढराफेक करून आणायचा आणि कोंडा म्हशीला घालायचा, म्हणजे चोथा आणि जीवनसत्त्वं तिला आणि नुसता पिठूळ भाग आपल्याला. तब्येत तिचीच चांगली आहे, हे तुम्हीही मान्य कराल. दुसरं, ताटात भाताचा डोंगर आणि कडेला भाजीचं बोट, हे उलटं करा. आधी भाजी, उसळ वाढून घ्या, उरलेल्या जागेत भात.

आणि उसळीला काय कमी आहे हो आपल्याकडं? भात निघालं की त्याच रानात मसूर, वाटाणा, हरभरा. इथल्या दुकानातला मसूर शिजतो, पण आपल्या मसुराची चव त्याला येत नाही. शंभर ग्रॅम मसुरात चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आपण वाटेकऱ्याकडून पोतं घेतो, त्यातलं अर्धं पाहुण्यांना वाटतो आणि स्वतः मैद्याच्या शेवया खातो!

आई, आता तुझ्याशी. तुझा उजवा खांदा दुखतो, हे मला कळतं. म्हणूनच "पूर्वीसारखं सगळं घरी कर" असं मी म्हणणार नाही. घरचं खा, घरचं खा म्हणणाऱ्यांना ते करणारा हात कुणाचा, हे कधी दिसत नाही, आणि मला त्यांच्यातली एक व्हायचं नाही. रोज थापायला जमत नसेल तर गल्लीत कडक भाकऱ्या करून देणाऱ्या मावशींना आठवड्याच्या सांगून ठेव. त्या टिकतातही. त्यावर घट्ट दही, शेंगाची चटणी आणि कांदा, बस्स. पुंडी पल्ल्या, म्हणजे आपली अंबाडी, घेऊन ती बाई दारावर येतेच, तिच्याकडून ती, शेपू, जे असेल ते घे. निवडायचं काम बाबांचं. पेपर वाचत वाचत होतं ते. परड्यात मेथीचे दोन वाफे टाकायचं कामही त्यांचंच, पाणी पाजून, राखण करून.

रात्री नाचणीचं पीठ पाण्यात कालवून ठेवायचं आणि सकाळी शिजवून, गार करून ताक घालायचं, एवढं तर बाबांना नक्की येईल. आजोबा रानात जाताना आंबील पिऊन जायचे, ते तुम्हीच सांगता ना? शंभर ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. आईच्या हाडांना तेच हवंय. मीठ मात्र बेतानं. प्रत्येकाला दिवसभराचं मिळून एक छोटा चमचा पुरे, आणि लोणचं, पापड त्यातच मोजायचे.

मी कुठल्या तोंडानं सांगतेय, असं मनात आलं असेल. खरंय. कामाच्या दिवशी रात्री फोनवरून मागवलेला डबा मीही उघडते. गेल्या रविवारी शाळूची भाकरी करून बघितली. पीठ महिन्याचं जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला, आणि मी त्यात गार पाणी ओतलं. थापताना कड फाटली, उचलताना तिचे तीन तुकडे झाले, तव्यावर पडले ते कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा असे वेगवेगळे. तुकडे भाजून ताकात चुरून खाल्ले. कढत पाण्यानं मळायचं असतं हे मला माहीत होतं, फक्त हाताला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस, कारण मी कधी शेजारी बसलेच नाही.

गोडातला आपला कुंदा या सगळ्यातून वगळलाय, कुणी घाबरू नये. पण पाव किलो चौघांत, एका संध्याकाळी. बाबांनी कपाटामागं लपवायचा नाही.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी आहे, शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. येताना बिस्किटं आणणार नाही. शाळू धुऊन वाळवून ठेवा, दळायचं मी आल्यावर, ताजं. मळायचं मी, थापायला आईनं नुसतं शेजारी बसून सांगायचं, भाजायला बाबा. माळ्यावर तुम्ही दोघंही चढू नका, शेजारच्या पोराला हाक मारा आणि काठवट तेवढी खाली काढून घ्या. बरीच वर्षं कोरडी आहे, एक रात्र पाणी भरून ठेवा, नाहीतर तडकेल.

तुमची,
धाकटी