तिन्ही माळा कापून टाका

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी घाईघाईत सांगितलं आणि बाबा, तुम्ही "बरं, बघतो" म्हणालात. तुमच्या "बघतो"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून लिहून पाठवते आहे. गेल्या हिवाळ्यात इथून निघताना तुमच्या बॅगेत मी ज्या तीन माळा घातल्या होत्या, बारीक पिवळ्या दिव्यांच्या, त्या कंपनीने परत मागवल्या आहेत. तुळशीच्या लग्नाला त्या वृंदावनाला गुंडाळू नका. घरातही लावू नका.

आपल्याकडे गाड्यांचं रिकॉल निघतं ना, तसंच हे. इथे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन नावाची सरकारी संस्था आहे, 1972 च्या कायद्याने झालेली. खेळणी, पाळणे, हीटर, माळा, कशातही धोका आढळला की जाहीर सूचना निघते: वापर ताबडतोब थांबवा, पैसे परत घ्या किंवा वस्तू बदलून घ्या. मी दुकानाचं कार्ड दाखवून माळा घेतल्या होत्या, म्हणून दुकानाची ईमेल थेट मला आली. ती वाचली आणि तुम्ही पाठवलेला गणपतीचा फोटो डोळ्यांपुढे आला. मखराच्या कापडी पडद्यामागून ह्याच माळा फिरवल्या होत्या. पाच रात्री त्या चालू होत्या आणि तुम्ही दोघं शेजारच्या खोलीत झोपला होतात. आई, मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाबा, तुम्ही एमएसईबीत तीस वर्षं काढलीत, तुम्हाला नेमका दोष सांगते. 2015 साली त्या कमिशनने नियम केला की सणाच्या माळेत तीन गोष्टींपैकी कुठलीही एक जरी नसली तरी ती धोकादायकच धरायची: तारेची ठरलेली किमान जाडी, तार ओढली तरी आतला जोड निसटू नये अशी पकड, आणि जास्त करंट गेला तर वितळणारा फ्यूज. इथल्या चांगल्या माळेच्या प्लगला सरकतं झाकण असतं, त्यात इवलेसे फ्यूज बसवलेले असतात. आपल्या माळांच्या प्लगमध्ये फ्यूज नाही, आणि तारही हवी त्यापेक्षा बारीक आहे.

तुम्ही म्हणाल, घरात एमसीबी आहे की, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. पण एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी असते, हे तुम्हीच मला बारावीत असताना समजावलं होतं. माळेची केसाएवढी तार तापून तिचं प्लास्टिक मऊ पडलं, तरी तेवढ्या करंटने एमसीबी पडणार नाही. त्यात ह्या माळा 120 व्होल्टच्या, म्हणून तुम्ही त्या मिक्सरच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावता. माळेत जेवढा करंट वाहतो त्याच्या साधारण निम्माच मागे बोर्डाकडून ओढला जातो. म्हणजे एमसीबीला तर त्याचा पत्ता आणखीच उशिरा लागणार. शिवाय तीन माळा एकीच्या शेपटाला दुसरी अशा जोडल्या होत्या. पहिल्या माळेच्या बारीक तारेतून तिन्हींचा करंट गेला.

आणखी एक. ह्या माळांतले बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला तरी बाकीचे पेटत राहावेत म्हणून बल्बच्या आत एक शंट असतो, करंटला पुढे वाट देणारी बारीक तार. पण गेलेल्या बल्बच्या वाट्याचं व्होल्टेज उरलेल्यांवर पडतं आणि ते जास्त तापतात. दिवाळीत तुम्ही सांगितलं होतं, "चार-पाच गेलेत, पण माळ अजून छान चालतेय." तेव्हा मीही हसून सोडून दिलं.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिते. तू प्लग काढताना तार धरून ओढतेस, ते तेवढं सोड. कुठल्याही वस्तूचा. आणि ह्या माळा "एवढ्या चांगल्या आहेत" म्हणून कामाच्या मावशींच्या मुलाला देऊ नकोस. तुझा हात देता आहे हे मला माहीत आहे, माझे जुने ड्रेस, मिक्सर, टेबलफॅन सगळं तू असंच कुणाच्या तरी संसाराला लावलंस. पण त्यांची खोली पत्र्याची, दार एकच. इथे 2008 पासून रिकॉल झालेली वस्तू विकणं हा गुन्हा आहे, नवी असो की जुनी. कारण अशी वस्तू फिरत फिरत शेवटी ज्याला ती सूचना कधीच मिळणार नाही त्याच्याच घरी पोचते.

म्हणून बाबा, माळा प्लगमधून काढून ठेवलेल्या असतानाच पकडीने प्लगजवळ कापा, मग मधेही दोन ठिकाणी. तुकडे ई-कचऱ्यात द्या.

तुळशीसाठी तिथल्याच बाजारातून 230 व्होल्टची नवी एलईडी माळ आणा. खोक्यावर बीआयएसची खूण आणि आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा, आणि बाहेर लावायची म्हणून दुकानदाराला आधीच सांगा. अंगणात पाणी शिंपडलेलं असतं, ओल्या हाताने आई निरांजन ओवाळते, तेव्हा प्लग ओट्यावर, कोरड्या जागी असू दे. बिल जपून ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याकडेही केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागवायला लावण्याचा अधिकार दिलाय, आणि तक्रार करायची वेळ आली तर बिलच कामाला येतं.

त्या माळा मी हट्टाने बॅगेत कोंबल्या होत्या. आई "कशाला गं एवढं वजन" म्हणत होती. तेव्हा तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

कापल्यावर फोटो पाठवा, तिन्हींचा. कंपनीला तो लागतोच. इथे रात्रीचा एक वाजलाय, फोटो येईपर्यंत मी जागी आहे.

तुमची,
मनू