सोमवार ते शनिवारचं काय?

टोरांटो

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना सप्रेम सलाम.

भाचा नोकरीसाठी नगरहून इंदूरला आई-बाबांकडे राहायला गेला, फार बरं झालं. रविवारी तो व्हाइट चर्चला जाईलच, पण सोमवार ते शनिवारचं काय, असं तू विचारलंस. ताई, खरा प्रश्न तोच आहे. बायबलची वचनं त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पगार, साहेब, हाताखालचा माणूस यांच्याकडे तो त्या वचनांतून पाहतो का, एवढंच बघायचं.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे पहिले तीन अध्याय त्याला सावकाश वाचू दे. बागेची मशागत देवानं माणसावर दुसऱ्या अध्यायात सोपवली. पाप आलं ते तिसऱ्यात. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. शापानं घाम आणि काटे आले, काम त्याआधीचंच. हे मनात बसलं की ऑफिसातलं कंटाळवाणं कामही माणूस जीव ओतून करतो. जे कराल ते प्रभूसाठी म्हणून करा, हे प्रेषित पौलानं कलस्सै इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं ते दासांना उद्देशून! मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, हे तर पहिल्याच अध्यायात आहे. 2017पासून इंदूरनं स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला नंबर काढला, त्याचं कौतुक सगळे करतात. पण कचरागाडीवरच्या माणसाला पाणी विचारणारे किती? आई विचारते. ओला-सुका कचरा वेगळा करून देते आणि त्याला नावानं हाक मारते.

बाबांचं सियागंजातलं दुकान आठवतं ना? संध्याकाळी गल्ला मोजायच्या आधी ते हमालांची मजुरी वेगळी काढायचे आणि दिवेलागणीच्या आत ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचे. धंदा मंदा असला तरी. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. बाबांनी ते आपल्याला कधी वाचून दाखवलं नाही. आता इथे छोट्या कंत्राटदारांची बिलं माझ्या टेबलावर येतात. नियमानं ती महिनाभर अडवून ठेवता येतात. मी आल्या दिवशीच पुढे पाठवतो.

एक मात्र त्याला नक्की सांग. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबी होणं नव्हे. 1877 साली इथूनच, कॅनडातून, मिशनरी इंदूरला गेले. त्यांचे उपकार आहेतच. पण कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताची भक्ती गायली ती आपल्या अभंगांत. भाच्यानंही मराठीतच प्रार्थना करावी, आजीशेजारी बसून.

रात्री जेवणं झाली की बाबांना दुकानाच्या गोष्टी विचारायला सांग. आपणहून ते बोलायचे नाहीत. आणि पहिला पगार हातात पडला की मला फोन कर म्हणावं. दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा कमाईचा दहावा भाग, हातात येणाऱ्या रकमेवर की कपातीआधीच्या, असं त्यानं विचारलं होतं. त्यावर पत्रात नको, निवांत बोलू.

तुझा भाऊ