भांडं विकू नकोस

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी इथं कोल्हापुरात उद्यमनगरात होतो, मागं लेथ चालू, काही धड ऐकू येईना, मला वाटलं तू नवीन भांडं घेतलंस म्हणतोयस. घरी येऊन परत लावला तर विकतोय म्हणतोस! भांडं, बादल्या, बाटल्या, घरी बियर करायचं सगळं सामान. "आपल्याला काय जमत नाही भावा" म्हणून वर हसलायस पण. फोनच करणार होतो, पण फोनवर तू हां हां करत मॅच बघत असतोस, आणि दिवाळीपासून मी पण तोंड उघडलेलं नाही हे डोक्यात होतंच, म्हणून बसलोय टायपायला. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

तब्येती उरकतो आधी. अप्पांचा खडा पडला. आईचे गुडघे आहेत तसेच. मी बीपीच्या गोळीवर. झालं.

आता बँडेजचा वास. तू म्हणतोस किटची बियर ती किटचीच, माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, घट्ट पाकाचा १.७ किलोचा डबा फोडायचा, किलोभर साखर ओतायची, तेवीस लिटरपर्यंत पाणी भरायचं आणि झाकणाखालची यीस्टची पुडी भुरभुरायची, यात आपलं काय कर्तृत्व, आणि एवढं करून वर दवाखान्याचा वास. पहिलं मान्य. पण दुसरं किटच्या माथी मारू नकोस. तो वास क्लोरीनचा आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन किंवा भांड्याला राहिलेलं ब्लीच बियरमधल्या फिनॉलला जाऊन चिकटतं आणि क्लोरोफिनॉल तयार होतं, ते इतकं कडक असतं की नखाएवढं असलं तरी अख्खी बादली बँडेज. तू बादली ब्लीचनं धुतोस आणि एकदा खळबळून सोडतोस हे मी त्या घरात राहत असल्यापासून सांगतोय. तेव्हा मला काय म्हणालास? "फौंड्रीवाल्यानं स्वच्छता शिकवू नये." स्मितावहिनी साक्षीदार आहे.

म्हणजे उद्या तू डबा सोडून डायरेक्ट धान्यावर गेलास, हजार पौंडांचं ते स्टीलचं इलेक्ट्रिक मशीन आणलंस (लिंक कशाला पाठवली होतीस रे, जळवायला?), तरी ब्लीच तेच आणि नळाचं पाणी तेच असेल तर बियरपण तीच येणार. आधी कॅम्पडेनची गोळी घे. पंधरा लिटरला पाव गोळी चुरून टाकली की क्लोरीन जातो, क्लोरामाईनपण जातो, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ब्लीच बाथरूमला ठेव, बादलीला नो-रिन्सवालं, म्हणजे परत धुवावं लागत नाही असलं, सॅनिटायझर आण.

यीस्टचं पण तेच. डबा दुकानात किती महिने पडलेला असतो देव जाणे, त्याच्या डोक्यावर ती पाच-सात ग्रॅमची पुडी उन्हातान्हात तेवढेच महिने. अकरा ग्रॅमचं चांगल्या एल (ale) बियरच्या यीस्टचं पाकीट वेगळं घे, फ्रीजमध्ये ठेव. आणि साखर! साखर सगळी यीस्ट खाऊन टाकतं, मागं अंगच राहत नाही, पातळ पाणचट बियर. तेवढीच कोरडी माल्ट पावडर घातली असतीस तर त्याच डब्यातनं बरी निघाली असती. मी सांगितलं होतं. तू म्हणालास, डब्यावर साखर लिहिलीये. डब्यावर लिहिलंय म्हणून करणारा माणूस तू, तुला केआयटी कॉलेजातनं बाहेर काढला कुणी! केआयटीतनं सुटलास तसा आता किटमधनं सुट की.

बाटल्या फुटल्या त्याचं मी बोलणार नव्हतो. पण विषय निघालाय. तू अजून सगळ्यांना सांगतोस की विन्यानं बाटल्यांत साखर दोनदा घातली. घातली नाही. तुझा एअरलॉक, झाकणावरची ती गॅस बाहेर सोडणारी नळी, बुडबुडायचा बंद झाला आणि तू म्हणालास झालं, भर. एअरलॉक म्हणजे काय डॉक्टर आहे का? गारठ्यानं यीस्ट झोपलं तरी तो बंद पडतो, झाकण सैल असलं तरी बंद पडतो. हायड्रोमीटर टाकायचा, म्हणजे घनतेवरनं साखर किती राहिली ते कळतं, दोन-तीन दिवसांनी परत टाकायचा, आकडा तोच आला तर भरायचं, नाहीतर राहिलेल्या साखरेचा गॅस बाटलीत होतो आणि बाटली फुटते. जाधव सरांनी संख्याशास्त्रातली जी टी-टेस्ट घोकून घेतली ना, ज्यात तुझी केटी लागली, ती गिनेस या बियर कंपनीत नोकरी करणाऱ्या गॉसेटनं १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली. म्हणजे बियरवाल्यांनी मोजायचं शास्त्र काढलं आणि आमचा सुन्या बुडबुडे बघतोय. जिन्याखालचा तो कार्पेट अजून आठवतो मला.

बरं, आता मी इथं काय उद्योग केला ते ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. दिल्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग चढली का?

तुला माहीतच आहे, इथं घरात बियर लावता येत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, लायसन्सशिवाय बनवायची नाही. तुमच्याकडं ब्रिटनमध्ये १९६३ सालीच घरगुती बियरचं लायसन्स काढून टाकलं, स्वतःपुरती कितीही करा. मी मात्र यीस्ट घरात आणायचंच नाही असं ठरवलंय. पण यीस्टच्या आधीचं जे सगळं आहे, म्हणजे धान्यातनं गोड पाणी काढायचं, ते तर सत्त्वच झालं ना रे? म्हटलं तेवढं तरी हाताला बसवू.

लक्ष्मीपुरीतनं सालासकट जव आणले. किराणावाल्याकडची पांढरी बार्ली चालत नाही, ती पॉलिश केलेली, तिला मोडच येत नाहीत. बियाण्याचे पण नकोत, त्याला औषध चोळलेलं असतं. रात्रभर भिजवले, निथळून ओल्या फडक्यात ठेवले, रोज हलवायचे. आई म्हणाली अरे हे नाचणीचं करतात तसंच आहे, तू काय नवीन करतोयस? खरंच की. माल्टिंग म्हणजे काय असतं यावर तू आणि मी किती व्हिडिओ बघितले, आणि आमच्या आईनं तीस वर्षं नाचणीला मोड काढून, वाळवून, सत्त्व करून पोरं वाढवली. आतला कोंब सालाखालनं दाण्याच्या लांबीएवढा आला की थांबवायचं, हे मी वाचून सांगितलं तर ती दाणा नखानं फोडून म्हणाली, अजून एक दिवस. तिचं बरोबर होतं. गच्चीवर वाळवले, मुळ्या चोळून काढल्या, मिक्सरवर एक-एक झटका देऊन नुसते भरडले. पीठ करायचं नाही, सालं शाबूत पाहिजेत.

मग एका रविवारी मोठं पातेलं, पाणी ६९ ला नेलं, भरडा पुरणाच्या गाळणीच्या कापडात बांधून सोडला, ६६ वर आलं. झाकण ठेवून वाकळीत गुंडाळून बसलो राखत. पासष्टच्या खाली गेलं की साखर यीस्टला पचेल अशी जास्त पडते, बियर कोरडी होते, सत्तरकडं सरकलं की अंग जास्त राहतं, हे आपण रट्टा मारून पाठ केलेलं, पण हातात थर्मामीटर धरून त्या दोन-तीन डिग्रीसाठी वाकळ सारखी करत बसायला जी मजा आहे ना, ती डबा फोडण्यात नाही सुन्या. सुरुवातीला चाखलं तर पिठाचं पाणी, चिकट, बेचव. बशीत थेंब काढून त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं, शाळेत बटाट्यावर टाकायचो तेच, काळंनिळं झालं. स्टार्च तसाच. अर्ध्या तासानं परत, जांभळट. तासाभरानं थेंब टाकला, आणि काही झालं नाही. आयोडीन आपलं तांबूस ते तांबूसच. मी बशी उजेडाकडं धरून बघत बसलो, आई येऊन विचारते काय पडलंय त्यात, म्हटलं काही नाही, तीच तर गंमत. बाहेरनं एक कण साखर न घालता, सगळं गोड. गार करून हायड्रोमीटर टाकला (तोच, मोज्यात घालून आणलेला) तर १.०४२. डब्याशिवाय! घरच्या मोडाच्या जवावर!

मग काय करणार त्याचं. यीस्ट नाही, बियरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं नाहीत. आईनं वेलदोडा घातला आणि अप्पांना बार्लीचं पाणी म्हणून पाजलं, खड्याला चांगलं म्हणून. स्वतःपण पेलाभर प्याली. माळकरी बाई बिचारी, अर्धी बियर पिऊन हरिपाठाला गेली.

आता कळलं मेसेज ऐकून माझं काय झालं असेल? इथं मी अर्ध्या वाटेपर्यंतच जाऊ शकतो, पुढची अर्धी वाट तुझ्या गॅरेजमध्ये आहे. तू भांडं विकलंस तर तुझी एक हौस संपली, तुझ्याकडं अजून गोल्फ आहे, तो काय तो ब्रेड आहे. माझं अख्खं दुकान बंद. मी पुढच्या उन्हाळ्यात यायचं म्हणतोय, कंपनीचं ते ऑडिटचं लागलं तर, आणि त्या दिवसासाठी हे सगळं चाललंय. कधीकधी वाटतं की हे तुला जड होतंय, म्हणजे भांडं नाही, मी. माझ्या हौसेचा गोडाऊन म्हणून तू ते गॅरेज सांभाळतोयस आणि वहिनीला तिथं सायकली लावायच्या आहेत. तसं असेल तर सरळ सांग, चिडणार नाही. चिडेन, पण दोन दिवस.

उद्यमनगरात कशाला गेलो होतो ते राहिलंच. तांब्याची कॉईल करून घेतली, एसीवाले वापरतात ती मऊ नळी, पातेल्यात बसेल एवढ्या गोलाईत. उकळलेलं वॉर्ट, म्हणजे ते गोड पाणी, झटकन गार करायला, आतनं थंड पाणी फिरवायचं. वर्कशॉपवाल्यानं नळी हातात घेतली, माझ्याकडं बघितलं, परत नळीकडं बघितलं, आणि हळू आवाजात, "साहेब, भट्टी कुठं हाय?" म्हटलं भट्टी नाही हो, दूध गार करायला. तो म्हणाला, "तसं म्हना की." पैसे कमी घेतले पण. आता ती कॉईल माळ्यावर आहे आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. विमानात कशी आणायची ते तू सांग.

गुऱ्हाळावर पण जाऊन आलो मध्ये, हंगाम सुरू झालाय. काहिलीत रानभेंडीचं चिकट पाणी ओतलं की मळी कशी वर जमून येते ते आपण शाळेपासून बघतोय, पण या वेळी बघताना डोक्यात पेटलं की तुम्ही लोक उकळीच्या शेवटी आयरिश मॉस टाकता ते हेच की. तिकडं समुद्रातलं शेवाळ, इकडं भेंडी. भेंडीनं वॉर्ट साफ होतं का बघायचं आहे. तू करून बघ, वहिनीला सांगू नकोस.

तर आता ऐक, मशीन घेऊ नकोस, भांडं विकू नकोस. तुझं ते मोठं भांडं पुरतं. ऑस्ट्रेलियावाल्यांची पिशवीची पद्धत कर, एकच भांडं, एक जाळीची पिशवी. तेवीस लिटरच्या नादाला लागू नकोस, दहा लिटर कर, बिघडलं तर दहाच लिटर ओतायची. अडीच किलो मॅरिस ऑटर जवाचं माल्ट भरडून मिळतं तुमच्याकडं दुकानात, पंधरा लिटर पाणी, ६९-७० ला पिशवी सोड, ६६-६७ वर तासभर, जुनी रजई गुंडाळ. पिशवी उचलून निथळव, पिळलीस तरी काही होत नाही. मग तासभर खळाखळा उकळ, झाकण उघडं. सुरुवातीला वीस ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स, कडवटपणाला, तासभर उकळलं की तो नीट सुटतो. शेवटच्या दहा मिनिटांत अजून पंधरा, वासाला. सिंकमध्ये बर्फ टाकून गार कर, कॉईल येईपर्यंत. यीस्ट, आणि १८-१९ डिग्री, गॅरेजमध्ये नाही, गॅरेज आता आठ डिग्री असेल, जिन्याखाली ठेव. हो, तिथंच.

एवढी एक कर. ती पण बँडेज निघाली तर विक सगळं, मी एक शब्द बोलणार नाही.

वहिनीच्या नव्या नोकरीचं दिल्याकडनं कळलं, तू का नाही सांगितलंस? अभिनंदन सांग तिला. ईराच्या परीक्षा झाल्या ना? तुझ्या पाठीचं काय झालं, एमआरआय काढणार होतास. घराच्या हप्त्याचं मी दुसऱ्या पत्रात लिहितो, माझं मत तुला माहीतच आहे.

आणि बाटल्यांना टोपणं बसवायचं ते लाल मशीन, ते माझ्या पैशाचं आहे, पावती आहे माझ्याकडं. मार्केटप्लेसवर त्याचा फोटो दिसला तर मी वहिनीला फोन करून कार्पेटचं खरं सांगणार.

तुझा,
विन्या