लुगडी बोहारणीला देऊ नका, आमच्या गोधडीला द्या

सप्रेम नमस्कार.

इंदुरातल्या मराठी घरांना एक विनंती आहे. माळ्यावरची ट्रंक एकदा खाली काढा.

रामबागेतल्या आमच्या महिला मंडळाने एक मोठी गोधडी शिवायला घेतली आहे. तिचं रेखाटन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून केलं आहे. राजवाड्याजवळ, खान नदीच्या काठी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या या छत्र्या, म्हणजे त्यांची दगडी स्मारकं, आपण येता-जाता पाहतो. त्यांचे खांब, कमानी, शिखर सगळं कापडात येणार आहे. एकेक कमान एकेका घराची असेल. कमानीत त्या घरातल्या गेलेल्या माणसाचं कापड आणि खाली टाक्यांनी भरलेलं नाव.

आमच्यातल्या एकीच्या लेकीने अमेरिकेतल्या एका गोधडीचं चित्र दाखवलं, तिथून हे सुरू झालं. केंटकीच्या एलिझाबेथ रोझबेरी मिचेल यांनी दोन मुलगे गमावल्यावर १८४३ साली ती केली. मधोमध कुंपण घातलेली दफनभूमी आणि कडेने घरच्यांच्या नावांच्या कापडी शवपेट्या. कोणी गेलं की त्याची पेटी कडेवरून उसवून कुंपणाच्या आत शिवायची. चित्र पाहून कोणीच काही बोलेना. मग आमच्यातल्या सर्वांत वडील आजी म्हणाल्या, "छत्र्या राजघराण्यातल्यांच्या झाल्या. माझ्या सासूबाईंची कुठे आहे?"

दगडावरची नक्षी कापडावर उतरवणं आपल्या मुलखाला नवं नाही. महेश्वरला अहिल्येश्वराचं देऊळ आणि विठोजीराव होळकरांची छत्री समोरासमोर आहेत. तिथल्या किल्ल्या-घाटांवरची नक्षी महेश्वरी साडीच्या काठात आली. विटा, चटई, नर्मदेची लहर. तुमच्याकडे असा जुना काठ असेल, फाटका का असेना, तो आम्हाला हवाच आहे. छत्रीचा चौथरा त्यानेच बांधायचा आहे.

हे लिहिणारीच्या आजीचं हिरवं नऊवारी लुगडं एका स्टीलच्या पातेल्यावर गेलं. पातेलं अजून वापरात आहे. लुगड्याचा बोटभर तुकडासुद्धा घरात नाही, आणि ते पातेलं घासताना दर वेळी जीव चुटपुटतो.

गेलेल्या माणसाचं कापड द्यायला काही घरं कचरतात. त्यांना इतकंच सांगायचं आहे की आपण सगळे आजी-पणजीच्या लुगड्यांच्या गोधडीतच वाढलो. बाळाला पहिल्यांदा गुंडाळलं तेही त्याच मऊ कापडात.

लुगडं, धोतर, उपरणं, पंचा, झबलं, काहीही चालेल, फक्त सुती असावं. नायलॉनवर हे टाके बसत नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून आणा. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कापड कोणाचं, माहेर कुठलं, घराणं इंदुरात कुठून आणि कसं आलं. चिठ्ठ्या वहीत उतरवून ती वही गोधडीजवळच ठेवणार आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो, कापड कापलं जाईल आणि परत मिळणार नाही. मन धजत नसेल तर पदराचा वीतभर तुकडा द्या, तेवढ्यात कमान होते.

हातही हवेत. धावदोरा येत असेल तर दुपारी तीननंतर मंडळात या. आमच्यातल्या बऱ्याच जणींना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तेव्हा शाळेतली मुलंमुली घेऊन आलात तर फार बरं होईल.

अस्तराचं कापड, दोऱ्याची रिळं आणि गोधडी टांगायला सागवानी दांडी यांसाठी पैसे लागणार आहेत. जमेल तेवढे द्या, पावती मिळेल, आणि खर्च दर शनिवारी मंडळाच्या फळ्यावर लिहिला जाईल. रोख नको असेल तर रिळंच आणून द्या, पांढरी आणि गडद लाल.

कापड नागपंचमीपर्यंत पोचवा. सर्वपित्री अमावास्येला गोधडी मंडळाच्या सभागृहात लावायची आहे. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी शेजारणीकडे निरोप ठेवा, आम्ही घरी येऊन कापड घेऊन जाऊ.

आपल्या,
मंडळातल्या सर्वजणी, रामबाग, इंदूर