छकुलीस पत्र : वन्स मोअरची गोष्ट

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॉयरचं रेकॉर्डिंग काल दोनदा ऐकलं. आई कणीक मळता मळता थांबली, एवढं सांगितलं तरी पुरे. पण सोबतचं कार्यक्रमपत्रिकेचं टिपण वाचलं आणि मी ओशाळलो. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात ९ मार्च १८४२ ला व्हर्दीच्या ‘नाबुक्को’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात ‘वा, पेन्सिएरो’ला, म्हणजे तुम्ही गायलेल्या याच समूहगीताला, वन्स मोअर मिळाला आणि ऑस्ट्रियाच्या अमलाखालचे लोक पेटून उठले, ही त्यातली गोष्ट तुला झोपवताना मीच सांगितलेली. वर्गातही तितकीच रंगवायचो.

ती खरी नाही. रॉजर पार्कर या अभ्यासकाने त्या वेळची वृत्तपत्रं तपासली. वन्स मोअर मिळाला होता तो शेवटाकडच्या ‘इम्मेन्सो जेहोवा’ या प्रार्थनेला. हे वाचल्यावर मी वर्गात आधी शिकवलेलं परत घेतलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग परीक्षेत काय लिहायचं?”

युफ्रेटिसच्या काठी गुलाम झालेल्या हिब्रूंचं हे गाणं इटलीचं झालं ते हळूहळू. व्हर्दी १९०१ च्या जानेवारीत गेला. महिन्याभराने त्याची शवपेटी हलवताना वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने सुमारे ८०० गायकांकडून ते गाऊन घेतलं. तोवर इटलीचं राज्य होऊन चाळीस वर्षं झाली होती. आणि पुढची गंमत म्हणजे, इटलीतून फुटून निघायची भाषा करणाऱ्या उत्तरेतल्या एका पक्षानेही हेच गाणं आपलं म्हणून घेतलं! सुरांना बिचाऱ्यांना कोण विचारतो?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आजी ‘सौभद्र’ची पदं अस्सल मराठी म्हणून गायची. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगावकडच्या गुर्लहोसूरला, त्यांच्या चालींत कानडी चालीही आहेत, असं मी एकदा मोठ्या विद्वत्तेने तिला ऐकवलं. “बरं मग?” म्हणून तिने पुढचं पद धरलं. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

टिपण छापायला गेलं नसेल तर ती दोन वाक्यं काढ. त्यांच्या जागी गाण्यातलंच लिही की! सुरुवातीला सगळा समूह एकाच सुरात, दबक्या आवाजात गातो. जणू एकच माणूस आठवण काढतोय. मग ‘आर्पा दोर’, म्हणजे सोन्याची हार्प, या शब्दांशी आवाज एकदम फुटतात, वेगवेगळ्या पट्ट्यांत पसरतात. लोकांना ते आपलं का वाटलं असेल, याचा थोडा अंदाज मला तिथे येतो.

तुमचं रेकॉर्डिंग नेमकं तिथेच अडखळतं. श्वास आधीच्या ओळीच्या शेवटी घ्या, अर्ध्यात नको. उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोंची धाप माइकवर ऐकू येते. त्यात तूही आहेस, मी ओळखली.

तुझा,
बाबा