खिळे, पॅटर्न आणि छापलेलं पोस्ट

उद्यमबाग, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर आमच्या फौंड्रीतल्या थ्रीडी छपाईबद्दल बोलताना तुम्ही विचारलंत, "कागद नाही, शाई नाही, मग छपाई कसली?" मशीनच्या आवाजात धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ओतकाम करायचं तर आधी वस्तूचा पॅटर्न, म्हणजे तिच्याच आकाराचा ठोकळा लागतो. तो वाळूत बसवून साचा उठवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. आमचे मिस्त्री हा पॅटर्न सागवानात घडवतात. अवघड असला तर आठवडा जातो. आता नमुन्याचं काम आलं की मी कॉम्प्युटरवर आकार काढते आणि थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत तो उभा करतो. थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. लहान पॅटर्न संध्याकाळी लावला की सकाळी हातात.

पण लोखंड निवताना आकसतं, मीटरमागे जवळपास १० मिलिमीटर. पॅटर्न तेवढा मोठा हवा, शिवाय वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार हवा. हे मशीनला कोण सांगणार? मिस्त्री माझ्या खुर्चीमागं उभं राहून स्क्रीनवर बोट ठेवतात, "इथं जरा जास्त सोड की." तेव्हा छापखान्यात अक्षरांचे उलटे खिळे सरळ वाचणारी तुमची नजर आठवते. खिळेही ओतीवच ना! शिसं कमी आकसावं, घट्ट व्हावं म्हणून त्यात अँटिमनी घालायचे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप फौंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये. आधी ओतकाम, मग छपाई. आमच्याकडं आता आधी छपाई, मग ओतकाम.

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी आली तेव्हा तुमच्या छापखान्यातल्या, हातानं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना कुणी कॉम्प्युटरसमोर बसवलं नाही. मराठी आणि कानडी, दोन्ही केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांवर न बघता हात चालणारी माणसं ती! तुम्हाला निदान प्रूफं तपासायचं काम मिळालं; बाकीचे दुकानांत, गोदामांत लागले. लग्नपत्रिका स्वस्त झाल्या, रंगीत झाल्या, आणि त्यांतल्या वेलांट्या चुकायला लागल्या. म्हणून मी मालकांच्या मागं लागलेय, नवीन पोरं घेण्याआधी मिस्त्रींना ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकवा. अजून "बघू" वरच आहे.

तंत्र तसं नवं नाही. चक हल या अमेरिकन माणसानं १९८४ साली थराथरानं वस्तू घडवायच्या त्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तार वितळवणाऱ्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं, तेव्हा कुठं ही मशीनं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली.

आई, तुझ्यासाठी एक नवल. बेंगळुरूत केंब्रिज लेआउटला पोस्टाची अख्खी इमारत छापलीय. सोऱ्यातून चकली पाडावी तसं काँक्रीट थराथरानं पाडत भिंती उठवल्या. १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट दीड महिन्याच्या आत झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालं.

तुझ्या शिलाई मशीनचं प्लास्टिकचं बटण मिळत नाही म्हणालीस ना, ते मी छापून देते. कुकरचा कान मात्र मागू नकोस. आमचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. बटणाचा जुना तुकडा दादाबरोबर खानापूरहून पाठव. तुटका असला तरी चालेल, मापं त्याच्यावरूनच घेईन.

तुमची,
सुमा